संगणकाची मेमरी : आधी बोर्ड बघा, मगच पट्टी घ्या



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, पाचट, ठिबक आणि हुमणी यांविषयी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा आहे. ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली नोंद झाली की उठत नाहीत. खुर्ची पुढे ओढून हळूच विचारतात, "साहेब, पोरगं कॉम्प्युटर घरीच जोडायचं म्हणतंय. त्यात रॅम का काय ती कोणती घ्यावी? दुकानदार एक सांगतो, पोरगं दुसरंच सांगतं."

प्रश्न रास्त आहे. पोरगा-पोरगी शिकायला बीडला, संभाजीनगरला किंवा पुण्याला जातात. तयार संगणकापेक्षा सुटे भाग आणून जोडलेला संगणक पुष्कळदा स्वस्त पडतो आणि पुढे वाढविताही येतो. हे सारे खरे. पण त्या सुट्या भागांत सर्वांत जास्त चुका होतात त्या मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या खरेदीत. पैसा मात्र उसाच्याच बिलातला जातो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे आपण जाणताच. मोठ्या मेमरीची एक पट्टी आज काही टन उसाच्या बिलाइतकी भरते. ती चुकीची निघाली तर तेवढा ऊस पाण्यात गेला असे समजावे.

मी कृषी पदविकेचा माणूस. संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. जे शिकलो ते घरातल्या आणि ओळखीच्या संगणकांवर हात फिरवून, आणि एकदा चांगली ठेच खाऊन. त्या ठेचेपासूनच सुरुवात करतो.

माझी चूक

२०२३ च्या जून महिन्यात थोरल्या मुलीसाठी संगणक जोडायला घेतला. बोर्ड, प्रोसेसर, कॅबिनेट तिने पाहून आणले होते. मेमरी तेवढी राहिली होती. मी कामानिमित्त शहरात गेलो होतो, म्हटले आपणच घेऊन जाऊ. दुकानात शिरलो आणि तोऱ्यात सांगितले, "सगळ्यात नवी द्या." त्याने डीडीआर५ ची पट्टी दिली. बोर्ड कोणता, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आपला बोर्ड डीडीआर४ चा आहे. ही बसायची नाही." मी म्हणालो, "बसते कशी नाही, लांबी तर सारखीच दिसते!" आणि अंगठ्याने जोर दिला. पट्टी बसली नाहीच, स्लॉटच्या टोकाचा प्लास्टिकचा चाप मात्र तुटला. नशीब, दुसरा स्लॉट शाबूत होता. पाकीट फोडल्यामुळे माल परत घेतला गेला नाही. ती पट्टी आजही माझ्या टेबलाच्या खणात माती परीक्षणाच्या पिशव्यांशेजारी पडून आहे. टाकून देत नाही. शहाणपण म्हणून ठेवली आहे.

मेमरी म्हणजे काय?

आपल्या कारखान्यातच हे उत्तम समजते. उसाच्या गाड्या गाडीअड्ड्यावर उभ्या असतात. तेथून ऊस गव्हाणीत पडतो आणि गव्हाणीतून मिलमध्ये जातो. संगणकात प्रोसेसर म्हणजे मिल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे गाडीअड्डा. तेथे माल साठून राहतो. आणि रॅम म्हणजे गव्हाण. चालू घडीला जे काम करावयाचे ते तेवढे गव्हाणीत ओढले जाते. गव्हाण अरुंद असेल तर मिल कितीही मोठी असो, ती ताटकळत राहते. म्हणूनच भारी प्रोसेसर घालूनही संगणक रेंगाळतो. आणखी एक गोष्ट : वीज गेली की गव्हाण रिकामी होते, अड्ड्यावरचा माल तसाच राहतो. त्यामुळे लोडशेडिंगमध्ये जतन न केलेले काम जाते आणि जतन केलेले राहते.

पूर्वी ही गव्हाण केवढी होती, हे ऐकण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सुटे भाग जोडून स्वतःचा संगणक बांधला आणि तो १९६० मध्ये कामाला लागला. 'टिफ्रॅक' हे त्याचे नाव. तो खोलीभर होता आणि त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट. आज आपल्या पोराच्या हातातली १६ जीबीची एक पट्टी त्याच्या सुमारे पावणेसतरा लाख पट आहे. पण एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे : मेमरी आणि बाकीचे यंत्र यांचा मेळ बसला तरच संगणक चालतो.

किती घ्यावी?

गरज पाहून घ्यावी. पत्रव्यवहार, सातबारा काढणे, ऑनलाइन अर्ज, बँकेचे काम, शाळेचा अभ्यास यांसाठी ८ जीबी चालते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल, ड्रॉइंगचे किंवा प्रोग्रॅमिंगचे काम असेल तर १६ जीबी घ्यावी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा किंवा थ्रीडी डिझाइन करणारा असेल तरच ३२ जीबीचा विचार करावा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, परंतु तेवढ्यावर संगणक कण्हत-कुंथत चालतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर काही सभासदांना सांगण्यात आले की जुन्या संगणकात रॅम वाढवा, विंडोज ११ चालेल. तसे नाही. विंडोज ११ ला प्रोसेसर आणि बोर्डही ठरावीक दर्जाचे लागतात. नुसती मेमरी वाढवून ते जमत नाही. आधी खात्री करावी, मग खर्च करावा.

खरेदीपूर्वीच्या सहा तपासण्या

आपण जमिनीचा पोत आणि पाण्याची सोय पाहून को ८६०३२ लावायचा की फुले २६५, हे ठरवतो. बेणे कोणाचे चांगले आले म्हणून डोळे झाकून आणत नाही. संगणकात जमीन म्हणजे मदरबोर्ड आणि मेमरी म्हणजे बेणे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी बोर्डाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. ते बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेले असते, खोक्यावरही असते. संगणक चालू असेल तर विंडोजमधील 'सिस्टम इन्फर्मेशन' मध्येही दिसते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पिढी कोणती? डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तीन पिढ्या सध्या बाजारात भेटतात. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट दाब लागतो. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात. शेवटच्या दोघांची लांबी आणि पिना सारख्या, म्हणून माझ्यासारखा माणूस फसतो. परंतु पट्टीच्या खालच्या कडेला जी खाच असते तिची जागा प्रत्येक पिढीत वेगळी ठेवलेली आहे. चुकीची पट्टी बसूच नये म्हणूनच ती सोय आहे. तेव्हा एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटात कधीही बसत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

कोणत्या बोर्डाला कोणती लागते, याचा ढोबळ अंदाज असा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड, म्हणजे रायझन १००० ते ५००० पर्यंतचे, डीडीआर४ घेतात. २०२२ पासूनचे एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेते. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीत मात्र घोळ आहे : त्याच प्रोसेसरसाठी काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत, काही डीडीआर५ चे. अशा बोर्डाच्या नावाच्या शेवटी पुष्कळदा 'डी४' किंवा 'डीडीआर४' असे लिहिलेले असते. आमच्या मुलीचा बोर्ड याच जातीचा होता आणि शेवटची ती दोन अक्षरे मी वाचली नव्हती. २०२४ मध्ये आलेल्या इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर५ वरच चालतात.

२) आकार कोणता? घरच्या टेबलावरील संगणकाची पट्टी सुमारे सव्वापाच इंच लांब असते. लॅपटॉपची पट्टी तिच्या निम्मी, पावणेतीन इंचांच्या आत. एक दुसऱ्याला चालत नाही. ऑनलाइन मागविताना फोटोत लांबीचा अंदाज येत नाही. 'डेस्कटॉप' किंवा 'यूडीआयएमएम' असे लिहिले आहे का ते पाहावे. 'एसओडीआयएमएम' लिहिले असेल तर ती लॅपटॉपची.

३) सर्व्हरची तर नाही? मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून उतरविलेली जुनी मेमरी फार स्वस्तात विकली जाते. तिच्यावर 'आरडीआयएमएम', 'रजिस्टर्ड' किंवा 'आरईजी ईसीसी' असे शब्द असतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये ती साध्या स्लॉटात बसतेसुद्धा, पण घरगुती बोर्डावर संगणक सुरू होत नाही. तसेच डीडीआर३ च्या काही स्वस्त पट्ट्या 'फक्त एएमडीसाठी' म्हणून येतात. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. भाव निम्म्याहून कमी दिसला की आधी लेबल वाचावे.

४) बोर्डाची मर्यादा किती? बोर्डाला स्लॉट दोन की चार, एका स्लॉटात जास्तीत जास्त किती जीबीची पट्टी चालते आणि एकूण किती, हे बोर्डाच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. शिवाय बोर्ड बनविणारी कंपनी आपल्या वेबसाइटवर, कोणकोणत्या पट्ट्या त्या बोर्डावर तपासून पाहिल्या, त्यांची यादी देते. यादीत नसलेली पट्टी चालणारच नाही असे नव्हे, पण यादीतली घेतली तर निश्चिंती राहते. आपण शिफारस केलेले वाण घेतो, तसेच हे.

५) वेग किती? लेबलावर ३२००, ४८००, ५६००, ६००० असे आकडे असतात. जास्त आकडा म्हणजे जास्त वेग. परंतु हा वेग बोर्ड आणि प्रोसेसर या दोघांनाही झेपला पाहिजे. नाही झेपला तर पट्टी कमी वेगाने चालते, म्हणजे जास्तीचा पैसा वाया. रायझन ५००० मालिकेला कंपनीने ३२०० चा वेग ठरवून दिला आहे. तेथे साधारण कामासाठी ३२०० ची डीडीआर४ पट्टी पुरे. काही ठिकाणी वेगाऐवजी 'पीसी४-२५६००' असे लिहिलेले असते. घाबरू नये. त्या मोठ्या आकड्याला ८ ने भागले की वेग निघतो : २५६०० भागिले ८ म्हणजे ३२००.

६) जोडी आहे का? औताला दोन बैल सारख्या चालीचे असले तर तास सरळ पडते. एक खिल्लारी आणि एक थकलेला असा जोडला तर दोघेही थकलेल्याच्या चालीने चालतात. मेमरीचे तंतोतंत असेच आहे. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो आणि काम लवकर होते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही त्यात हा फरक चांगला जाणवतो. मात्र दोन्ही पट्ट्या एकाच पाकिटातल्या, एकाच जातीच्या घ्याव्यात. जुन्या २६६६ च्या पट्टीशेजारी नवी ३२०० ची लावली तर बहुधा दोन्ही २६६६ ने चालतात, आणि कधी कधी मेळ न बसल्याने संगणक मधेच बंद पडतो. चारही स्लॉट भरण्याची हौस करू नये. विशेषतः डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

याशिवाय एक किरकोळ पण त्रासाची गोष्ट. काही पट्ट्यांवर पत्र्याचे उंच, रंगीत कवच असते. प्रोसेसरवर मोठा पंखा असेल तर हे कवच त्याला अडते. साधी, बुटकी पट्टी घ्यावी. कवचाच्या दिव्यांनी हिशेब लवकर होत नाही.

भाव आणि बिल

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव भडकले. काही पट्ट्या दुपटीहून महाग झाल्या. याचे कारण आपल्या बाजारात नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणक केंद्रे उभी राहू लागली आणि या कंपन्यांचा माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदा बंद करणार असल्याचे जाहीर केले. असे भाव चढले की बनावट आणि वापरलेला माल नवा म्हणून खपविण्याचे प्रकार होतात. म्हणून :

- पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि बिलावर पट्टीचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.
- दुकानदाराला बोर्डाचे नाव दाखवून, "या बोर्डाला चालेल" असे बिलावरच लिहून मागावे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.
- पाकीट फोडण्यापूर्वी लेबल पुन्हा एकदा वाचावे. मी येथेच चुकलो.
- हमी किती वर्षांची, हे विचारावे. नामांकित कंपन्या मेमरीला अनेक वर्षांची हमी देतात, पण बिल हरवले तर भांडावे लागते. बिल उसाच्या पावत्यांबरोबर जपून ठेवावे.
- फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आज पैसे कमी असतील तर मी असे सुचवीन : कमी जीबीची पण योग्य पिढीची जोडी घ्यावी आणि भाव उतरल्यावर पूर्ण जोडीच बदलावी. घाईने कर्ज काढून ३२ जीबी घेण्याचे कारण नाही.

बसविण्याची पद्धत

काम दहा मिनिटांचे आहे. घाई मात्र करू नये.

प्रथम संगणक बंद करून वायर बोर्डातून काढावी. नंतर चालू करण्याचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. काम लाकडी टेबलावर करावे. सतरंजीवर किंवा गादीवर करू नये. थंडीत स्वेटर काढताना अंगावर जी चटचट होते, तीच वीज मेमरीची चिप निकामी करू शकते. आपल्याकडे हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे हे जास्त होते. म्हणून सुती कपडे घालावेत आणि पट्टी उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा.

पट्टी दोन्ही टोकांना धरावी. सोनेरी पिनांना बोट लावू नये, बोटाचा घाम तेथे राहतो. स्लॉटचे चाप उघडावेत. काही बोर्डांना एकाच बाजूला चाप असतो, दुसरी बाजू घट्ट असते. ती मोडलेली नसून तशीच बनविलेली असते. बोर्डाला चार स्लॉट असून पट्ट्या दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. तरी माहितीपुस्तक एकदा पाहावे.

आता पट्टीची खाच आणि स्लॉटातील उंचवटा समोरासमोर आणावा. जुळत नसेल तर पट्टी फिरवून पाहावी. तरीही जुळत नसेल तर थांबावे. पिढी चुकलेली आहे, जोर लावू नये. खाच जुळली की दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. 'टक्' असा आवाज होऊन चाप आपोआप मिटतो. हा आवाज ऐकल्याशिवाय काम झाले असे मानू नये.

सुरू झाला नाही तर?

गेल्या हंगामात मी ऊस नोंदीसाठी गोदाकाठच्या एका गावी गेलो होतो. सभासदाच्या घरी चहाला बसलो तर कोपऱ्यात संगणक पोत्याने झाकलेला. त्यांची मुलगी अभियांत्रिकीला. उसाच्या बिलातून भाग आणले, तिने स्वतः जोडले, आणि पडदा काळाच. तीन आठवडे तसाच पडून होता. वडील म्हणाले, "साहेब, बोर्ड जळाला म्हणत्यात. नवा घ्यायचा तर खोडव्याच्या खताचे पैसे मोडावे लागतील. मी तर म्हणतो, राहू दे आता कॉम्प्युटर." मुलगी काही बोलली नाही. खाली बघत होती.

मी म्हणालो, "काका, बोर्ड बदलायच्या आधी जरा बघू." चालू केला. पंखे फिरले. बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' असे लिहिलेल्या ठिकाणी एक बारीक दिवा पेटून राहिला होता. म्हणजे बोर्ड जिवंत होता आणि तक्रार मेमरीची करीत होता. वायर काढून दोन्ही पट्ट्या पाहिल्या. एकीचे एक टोक दोऱ्याएवढे वर राहिले होते. चाप अर्धाच मिटलेला. मी मुलीलाच सांगितले, "ताई, तूच दाब. दोन्ही अंगठ्यांनी." टक् आवाज झाला. चालू केला, तरी पडदा काळाच. तिचा चेहरा पुन्हा उतरला. पण बोर्ड डीडीआर५ चा होता. नवी मेमरी बसविली की असा बोर्ड पहिल्यांदा ती पट्टी पारखून घेतो आणि त्याला काही मिनिटे लागतात. बसून राहिलो. चहा संपेपर्यंत पडद्यावर अक्षरे आली. काकांनी पोत्याची घडी केली आणि खोडव्याच्या खताचे पैसे खतालाच गेले.

यावरून क्रम लक्षात ठेवावा :

१) नवी मेमरी असेल तर, विशेषतः डीडीआर५ असेल तर, दहा मिनिटे थांबावे. मधेच वीज बंद करू नये.
२) पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.
३) एकेक पट्टी एकट्याने लावून पाहावी. एकीवर सुरू होतो आणि दुसरीवर नाही, तर दोष सापडला.
४) जुन्या पट्टीच्या पिनांवर धूळ किंवा काळपटपणा असेल तर मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून कचरा झटकावा. स्लॉटात तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचा ओलावा जातो. रंगाचा कोरडा ब्रश वापरावा.
५) तरीही न झाल्यास बोर्डावरील नाण्यासारखा सेल काही मिनिटे काढून पुन्हा लावावा. त्यामुळे बोर्डाच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात.

संगणक सुरू झाल्यावर 'टास्क मॅनेजर' मध्ये मेमरी किती आणि कोणत्या वेगाने चालते ते पाहावे. १६ जीबी लावून १५ च्या आसपास आकडा दिसला तर फसवणूक समजू नये. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले की थोडी मेमरी पडद्याच्या कामासाठी राखली जाते. वेग मात्र पाकिटावरच्यापेक्षा कमी दिसला तर बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' ही सोय चालू करावी लागते. त्यानंतर संगणक अडखळू लागला तर ती पुन्हा बंद करावी; थोडा कमी वेग पत्करावा, पण काम बुडू देऊ नये. शेवटी विंडोजमधील मेमरी तपासणी किंवा 'मेमटेस्ट' हा कार्यक्रम रात्रभर चालवून पाहावा. एकही चूक दाखविली तर पट्टी हमीत असतानाच परत करावी.

वीज आणि धूळ यांचेही दोन शब्द. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही, ते आधी करून घ्यावे. कमी-जास्त दाबाने मोटार जळते तशीच मेमरीही बिघडते. लहानसा यूपीएस लावावा. सुगीनंतर वर्षातून एकदा कॅबिनेट उघडून धूळ काढावी.

शेवटी

साखर कारखाना आणि संगणक यांचे नाते नवे नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे ७० गावांतील ऊस उत्पादकांसाठी गावोगावी संगणक बसविले गेले. पुढे काही वर्षांनी तेथील काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील एसएमएसने उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला, कारण गावात संगणक चालता ठेवणे खर्चाचे होते. यंत्र आणणे सोपे, ते चालते ठेवणे अवघड, हा त्यातला धडा. सुटा भाग कोणता लागतो आणि तो कसा बदलायचा, हे घरातल्याच कोणाला कळत असेल तर संगणक वर्षानुवर्षे टिकतो. नाहीतर पोत्याखाली जातो.

म्हणून माझी सभासदांना विनंती आहे. पोराने किंवा पोरीने संगणक जोडायला घेतला तर "तुला काय कळतं" म्हणू नका. बोर्डाचे नाव कागदावर लिहायला सांगा, वरच्या सहा तपासण्या त्याच्याकडून वाचून घ्या आणि मगच खिशात हात घाला. शंका असेल तर ऊस नोंदीला याल तेव्हा तो कागद बरोबर आणा. आपण दोघे मिळून बघू. आणि मेमरीची पट्टी कशी नसावी हे पाहायचे असेल तर माझ्या खणात एक ठेवलेली आहेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग, गेवराई